भाला उडतो तेव्हा कोच कुठे बघतो?

फक्कीवाला (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं, "भाला फेकायला शिकवायचं काय असतं? दंडात जोर पाहिजे, विषय संपला." तिथे विषयांतर नको म्हणून जीभ आवरली. आज रविवार, बाहेर पाऊस, मैदानाचं तळं झालंय (होय, माणदेशातही पडतो कधी कधी), तेव्हा इथे सविस्तर लिहितो.

मी एका हायस्कूलमध्ये क्रीडाशिक्षक, नोकरीला एकवीस वर्षं झाली. स्वतः भाला फेकायचो, विद्यापीठापर्यंत गेलो, तिथून पुढे हवा संपली. पतियाळाचा सहा आठवड्यांचा कोर्स केलाय. वर्षाचा डिप्लोमा राहिला तो राहिलाच. संध्याकाळी मैदानात आठ-दहा पोरं-पोरी भाल्याला असतात, बाकी सगळं मैदान पोलीस भरतीवाल्यांचं. फक्की मारणं, म्हणजे मैदानावर पांढऱ्या भुकटीने रेषा आखणं, हा माझा लाडका उद्योग, म्हणून हे नाव.

भाला हातातून सुटला की मैदानावरच्या सगळ्यांच्या माना वर होतात. कोचची होत नाही. भाला कुठे पडणार ते तो सुटला त्याच क्षणी ठरलेलं असतं, आकाशात बघून त्यात काही बदल होत नाही. मी पोराच्या उजव्या अंगाला, दहा-बारा पावलांवर उभा असतो आणि त्याचा डावा पाय बघत असतो.

डावाच का? एसटीत उभ्याने प्रवास केलेल्यांना लगेच कळेल. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की पाय जागेवर राहतात आणि वरचं धूड पुढच्या सीटवर जातं. भालाफेकीत तो ब्रेक आपणच मारायचा असतो. पंचवीस-तीस मीटर पळत यायचं, शेवटच्या पावलाला डावी टाच पुढे रोवायची आणि गुडघा मोडू द्यायचा नाही. खालची गाडी थांबते. तिचा वेग आधी कमरेत चढतो, मग छातीत, खांद्यात, कोपरात आणि सगळ्यात शेवटी भाल्यात. मोठे खेळाडू भाला सोडतात तेव्हा त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर असतो. नुसत्या दंडात एवढा जोर कुणाच्याच नसतो. याला मैदानावर 'ब्लॉक' म्हणतात. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ब्लॉक डावा, डावखुऱ्याचा उजवा.

आता गंमत अशी की डावा पाय टेकल्यापासून भाला सुटेपर्यंतचा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास. एवढ्या वेळात डोळ्याला काय दिसणार? हल्ली मोबाईलवर स्लो मोशन असतं, मीही काढतो. पण आमचा रन-अप मुरमाचा आहे आणि मुरूम खोटं बोलत नाही. पोरगं फेकून मागे वळलं की मी भाल्याकडे जायच्या ऐवजी त्याच्या शेवटच्या पावलाकडे जातो. टाचेचा वाटीएवढा खड्डा, पुढे पंजाचा ठसा, माती फारशी सरकलेली नाही, म्हणजे ब्लॉक बसला. खड्डा नाहीच आणि वीतभर ओरखडा गेलाय, म्हणजे पाय सरकला किंवा गुडघा मोडला, आणि पळत आणलेला सगळा वेग मातीत गेला. पोरगं म्हणतं, "सर, आज हात चालत नाहीये." हात बरा असतो हो त्याचा. मी त्याला ओरखडा दाखवतो.

दुसरी गोष्ट हाताची, पण उलटी. पोरांना घाई असते. पळता पळताच हात पुढे यायला लागतो. मी म्हणतो, "हात मागेच विसरून ये." पाय पुढे गेले, कंबर वळली, छाती पुढे आली, तरी हात मागे राहिलेला पाहिजे, बाजारात मागे रेंगाळणाऱ्या पोरासारखा. मग तो आपोआप ओढला जातो, चाबकाच्या टोकासारखा. हे समजायला एक मिनिट लागतं, अंगात उतरायला दोन वर्षं.

आणि तिसरं, जे मला फार उशिरा कळलं. एका फेकीत पाच चुका दिसतात, सांगायची एकच. कोपर वर, गुडघा ताठ, मान सरळ असं तिन्ही एकदम सांगितलं की पुढच्या फेकीला पोरगं रन-अपमध्ये गणित मांडत येतं आणि भाला आडवा पडतो. कोणती चूक आज सांगायची आणि कोणत्या चार गिळून टाकायच्या, हे ठरवणं म्हणजे कोचिंग. बाकी शिट्टी कुणीही वाजवतं.

विचारा काय विचारायचं ते.


बंड्या_बिनधास्त

"दंडात जोर" वाला मीच. 🙏 एसटीचं पटलं, शब्द मागे घेतले. पण एक शंका राहतेच. केनियाचा ज्युलियस येगो यूट्यूबवर व्हिडिओ बघून शिकला आणि २०१५ ला बीजिंगमध्ये ९२.७२ मीटर फेकून जगज्जेता झाला. त्याला कुठे कोच होता?


फक्कीवाला

बंड्याभाऊ, येगोचं नाव येणार याची खात्रीच होती, माझी पोरंही तेच सुनावतात. सुरुवात त्याने व्हिडिओ बघूनच केली, ते खरंच आहे आणि कौतुकाचंच आहे. पण पुढे तो फिनलंडमध्ये कुओर्ताने इथे जाऊन कोचच्या हाताखाली राहिला, हे रीलमध्ये येत नाही. व्हिडिओ तुम्हाला दुसऱ्याची फेक दाखवतो. तुमची फेक बघायला कुणीतरी लागतंच.


माजी_गोलंदाज

क्लबात बारा वर्षं फास्ट टाकली, म्हणून विचारतो. २०२५ ला टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आपला सचिन यादव ८६.२७ फेकून चौथा आला, तोही आधी फास्ट बोलर होता म्हणे. अनु राणीचा हात पण भावाला क्रिकेटचा थ्रो बघूनच कळला होता. मग तालुक्या-तालुक्यातल्या फास्ट बोलरांना गोळा करून भाले का देत नाहीत?


फक्कीवाला

देतात, मीही तेच करतो. टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा असली की मी बाऊंड्रीवर उभा राहतो. रन कोण करतो याच्याशी मला देणंघेणं नसतं, सीमारेषेवरून विकेटकीपरच्या हातात सपाट थ्रो कोण टाकतो ते बघतो. आंब्याच्या दिवसात कोणता पोरगा खालून दगडाने नेमका घोस पाडतो तेही माहिती काढून ठेवतो. गावात असल्या पोरांची कीर्ती असतेच, त्यांच्या घरी तक्रारीही जात असतात.

बोलरचा फायदा म्हणजे पुढचा पाय. फास्ट बोलरही पुढच्या पायावर ब्रेक मारतो, तो अर्धा शिकून आलेला असतो. तोटा हाताचा. बोलिंगमध्ये कोपर सरळ ठेवून हात गोल फिरवायचा, इथे कोपर आधी पुढे येतं आणि हात त्याच्या मागून. शिवाय बोलरला डावीकडे कलायची सवय असते. भाल्यात डावीकडे कललं की भाला सेक्टरच्या (ज्या दोन रेषांच्या आत तो पडायला हवा त्यांच्या) बाहेर. ही सवय मोडायला माझं एक पूर्ण वर्ष जातं.

अनु राणीचं म्हणाल तर तिने सुरुवात उसाच्या कांड्या आणि बांबू फेकून केली. आणि तीच पुढे ६० मीटरपलीकडे फेकणारी पहिली भारतीय बाई झाली, हांगझोऊच्या एशियाडला ६२.९२ फेकून सुवर्ण आणलं. उसाला आमच्याकडे तोटा नाही, म्हणून हे उदाहरण मी मुलींच्या आयांना हटकून सांगतो.


सुमेधा_कु

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझी मुलगी चौदा वर्षांची, दीड वर्ष भाला फेकतेय. दोन महिने झाले, कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय. तिचे सर म्हणतात, "होतं असं, फेकून फेकून मोकळं होईल." जिल्हा स्पर्धा तोंडावर आहे. सर वाईट नाहीत, मुलांसाठी खूप करतात, म्हणून उलट बोलवत नाही. काय करावं?


डॉ_खांदेपालट

सुमेधाताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथून निदान करणार नाही, पण कोपराच्या आतल्या बाजूचं, दोन महिने टिकलेलं, फेकताना वाढणारं दुखणं "मोकळं होईल" या सदरात बसत नाही. फेकताना हात मागे राहतो आणि कोपर पुढे येतं तेव्हा आतल्या बाजूच्या अस्थिबंधनावर (लिगामेंटवर) सगळा ताण येतो. चौदाव्या वर्षी हाडाच्या टोकाची वाढ चालू असते, म्हणजे तिथला सांधा अजून कच्चा. आज फेकणं बंद, आणि या आठवड्यात खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या ऑर्थोपेडिककडे जा. तेल लावून चोळून घेऊ नका, हे मुद्दाम सांगतेय, कारण माझ्याकडे येणारे निम्मे आधी चोळून आलेले असतात.


फक्कीवाला

ताई, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेच करा. स्पर्धा दरवर्षी येते.

यावर मला एक कबुली द्यायची आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा होता, सोळा वर्षांचा. असा हात मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. जिल्ह्याला पहिला आला, विभागाला तीन आठवडे होते. मी रोज फेकायला लावलं. रोज, पूर्ण रन-अपने, चाळीस-चाळीस फेकी. तो म्हणायचा, "सर, कोपर ठणकतंय," आणि मी म्हणायचो, "होतं असं." हेच शब्द, ताई. विभागाला तिसऱ्या फेकीत त्याने भाला सोडला आणि हात पोटाशी धरून खाली बसला. पुढे भाला सुटला त्याचा. भरतीत निघाला, आता पोलिसात आहे, भेटला की पाया पडतो. मला ते जड जातं.

तेव्हापासून माझ्याकडे शंभर पानी वही असते. दर पोराचं नाव, तारीख, त्या दिवशी किती फेकी आणि कसल्या: जागेवरून, तीन पावलांवरून, पाच पावलांवरून की पूर्ण रन-अप. अंतर मी लिहितच नाही, ते पोरांच्या तोंडपाठ असतं. पूर्ण रन-अपने आठवड्यात दोनच दिवस, तेही बारा-पंधराच्या वर नाही. सतरा वर्षांखालच्यांना त्याहून कमी. बाकी दिवस भिंतीवर मेडिसिन बॉल, हलके चेंडू, अडथळे, दोरी, पोट-पाठ-मांड्यांचे व्यायाम. पोरं कुरकुरतात. त्यांना भाला फेकायचा असतो, आणि मी कोच म्हणून दिवसातला निम्मा वेळ त्यांना भाला फेकू देत नसतो.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. २०१९ मध्ये नीरजच्या उजव्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, सगळा हंगाम गेला. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत परत आला आणि ८७.८६ फेकून ऑलिंपिकला पात्र ठरला. पण त्याच्या मागे शस्त्रक्रियेपासून पुनर्वसनापर्यंत माणसं उभी होती. आपल्या पोरांच्या मागे आपण, आणि ती वही.


गणिती_काका

निवृत्त प्राध्यापक, भौतिकशास्त्र. ब्लॉकचं वर्णन आवडलं. थोडी भर घालतो.

१९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने बर्लिनमध्ये १०४.८० मीटर फेक केली. मैदानं अपुरी पडायची वेळ आली, शिवाय जुने भाले तरंगत जाऊन आडवे पडायचे आणि टोक आधी लागलं की नाही यावर भांडणं व्हायची. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला. आता भाला लवकर नाक खाली घालतो. महिलांच्या भाल्यात हा बदल १९९९ ला आला. नव्या भाल्याचा विक्रम चेक खेळाडू यान झेलेझ्नीचा, ९८.४८, २५ मे १९९६, येना. तो अजून कुणी मोडलेला नाही, जर्मनीचा योहानेस फेटर २०२० ला ९७.७६ पर्यंत आला तेवढाच.

एक प्रश्न. पुस्तकात ४५ अंशाला सर्वाधिक पल्ला. तुम्ही मुलांना तसंच सांगता का?


फक्कीवाला

काका, सांगितलं तर भाला वर जाऊन शेपटीवर बसेल. चांगल्या फेकी ३२ ते ३६ अंशांच्या आसपास सुटतात. जास्त वर फेकायला गेलं की वेग कमी पडतो, माणसाच्या अंगाची रचनाच तशी. आणि नुसता कोन पुरत नाही. भाल्याचं टोक ज्या दिशेला रोखलंय आणि हात ज्या दिशेला जातोय त्या दोन्ही एकच पाहिजेत. मी पोरांना सांगतो, टोकातून फेक. भाल्याच्या आत एक नळी आहे असं समज आणि जोर त्या नळीतूनच गेला पाहिजे. जोर बाजूने निसटला की भाला हवेत थरथरतो. ते थरथरणं लांबूनही दिसतं, आणि माझी मान कधी वर होत असेल तर तेवढ्यासाठीच.

तुमच्यासाठी एक भेट देतो. भाल्याचा सेक्टर २८.९६ अंशांचा असतो. हा विचित्र आकडा कुठून आला असं मला कोर्सला कळेना. मग फक्की मारताना उलगडलं: केंद्रापासून जितकं लांब जाल त्याच्या निम्मी रुंदी! ८ मीटरवर कमान (जी ओलांडली की फाउल ती रेषा), तिथे रन-अप ४ मीटर रुंद. ४० मीटरवर दोन रेषांत २० मीटर. कोनमापक नको, काही नको. एक सुतळी, दोन खुंट्या आणि दोन पोरं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिने "बरं" म्हटलं.


गणिती_काका

निम्म्याच्या निम्मे म्हणजे पाव, आणि ज्याची साइन ०.२५ तो कोन १४.४८ अंश. दुप्पट २८.९६. वा! बायको गणिताची नसेल तर "बरं" पुष्कळ झालं.


येनाची_मावशी

काकांनी येनाचं नाव काढलं आणि लॉगिन करावंच लागलं. मी येनालाच राहते, नऊ वर्षं. झेलेझ्नीचा विक्रम इथला. २०१६ ला रिओत ९०.३० फेकून सुवर्ण जिंकणारा थॉमस रोलर इथलाच.

माझा मुलगा दहा वर्षांचा, इथल्या क्लबात जातो. दोन वर्षांत त्याच्या हातात खरा भाला आलेला नाही. इथे शाळेच्या क्रीडादिनालाच मुलं चेंडू फेकतात, लहानांचा ८० ग्रॅमचा, मोठ्यांचा २०० ग्रॅमचा. क्लबातही चेंडू, रबरी टोकाचे छोटे भाले, आणि बाकी सगळा वेळ कोलांट्या, चढणं, उड्या. मी एकदा ट्रेनरला विचारलं, भाला कधी? तो म्हणाला, आधी पळायला शिकू दे. मी मनात म्हटलं, दहा वर्षं पळतोच आहे की हा, निदान घरात तरी.


तिसरा_पंच

अॅथलेटिक्सला पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे माझी नजर फाउलच्या लाल झेंड्यावर. पॅरिस ऑलिंपिक आठवा, ८ ऑगस्ट २०२४. नीरजच्या सहापैकी पाच फेकी फाउल, एकच वैध, आणि ती ८९.४५! रौप्य. पाकिस्तानच्या अर्शद नदीमची पहिली फाउल, दुसरी ९२.९७, ऑलिंपिक विक्रम. घरी सगळे ओरडत होते, याला रेषा दिसत नाही का. धागाकर्त्यांनी यावर लिहावं.


फक्कीवाला

पंच साहेब, तुम्हाला ठाऊकच आहे, पण इतरांसाठी लिहितो. फाउल सगळे एका जातीचे नसतात. फेक मनासारखी नाही झाली की खेळाडू स्वतःच रेषेबाहेर पाय टाकतो, मोजायला नको म्हणून. खरा फाउल वेगळा. ब्लॉकनंतर अंग थांबायला जागा लागते, दोनेक मीटर तरी. नीरज बऱ्याचदा फेकल्यावर हातांवर पुढे पडतो, पाहिलं असेल. पॅरिसला तर जांघेचं दुखणं अंगावर घेऊन तो फेकत होता. तशा स्थितीत ब्लॉकचा पाय मनासारखा पडत नाही, आणि मग धावेचं सगळं गणितच हलतं.

धाव मोजणं हे कोचचं अगदी वाण्यासारखं काम आहे. कमानीपासून मागे पावलं मोजत जायचं आणि दोन खुणा टाकायच्या: एक निघायची, दुसरी जिथून भाला मागे न्यायचा आणि क्रॉसची पावलं सुरू करायची. सकाळी मोजलेली खूण दुपारच्या वाऱ्यात चुकते. पाठीवर वारा असला की पोरगं लांब पावलं टाकतं. स्पर्धेत कोचला आत सोडत नाहीत, कठड्यापलीकडून ओरडायचं. मी फक्त "एक पाऊल मागे" नाहीतर "आहे तिथे" एवढंच ओरडतो. तेवढंच ऐकू जातं.


माजी_गोलंदाज

मग नीरजचा खरा कोच कोण म्हणायचा? दर वेळी वेगळं नाव येतं.


फक्कीवाला

"खरा" हा शब्दच काढा भाऊ. पानिपतच्या शिवाजी स्टेडियमवर जयवीरने त्याच्या हातात भाला दिला, तेव्हा नीरज वजन कमी करायला आलेला गुबगुबीत पोरगा होता. पुढे पंचकुलाला नसीम अहमद. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाचे गॅरी कॅल्व्हर्ट, त्यांच्या काळात पोलंडमध्ये ८६.४८ चा ज्युनियर विश्वविक्रम. मग काकांनी सांगितलेले तेच उवे होन, त्यांच्या वेळी २०१८ ला राष्ट्रकुल आणि एशियाड, दोन्हीकडे सुवर्ण. मग क्लाउस बार्टोनिट्झ, हा माणूस बायोमेकॅनिक्सचा अभ्यासक, टोकियो ऑलिंपिकचं ८७.५८ आणि बुडापेस्टचं जगज्जेतेपद त्यांच्याबरोबरचं. २०२४ च्या अखेरीला झेलेझ्नी, आणि मे २०२५ ला दोहात ९०.२३. नव्वदी ओलांडली त्या दिवशीही जर्मनीच्या वेबरने शेवटच्या फेकीत ९१.०६ करून पहिला नंबर नेला, हा खेळ असा आहे.

आता यात कुणाला काढाल? पहिल्याचं काम पोराला मैदानाची गोडी लावायचं आणि हात न मोडता पुढच्याकडे सोपवायचं. शेवटच्याचं काम अर्ध्या मीटरसाठी डोकं लावायचं. पहिल्याने शेवटच्याचं काम करायला गेलं की काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

ब्लॉकबद्दल अजून एकच. सुमित अंतिल आठवतो? मोटारसायकलच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. उजव्या हाताने फेकतो, म्हणजे ब्लॉकचा पाय कृत्रिम. टाच रोवली की बसतो तो धक्का त्या पायाच्या खोबणीत. पॅरालिंपिकमध्ये टोकियोला ६८.५५, पॅरिसला ७०.५९, दोन्ही सुवर्ण. माझ्या पोरांनी "सर, गुडघा दुखतो" म्हटलं की मी हे उदाहरण देत नाही बरं का, दुखतं तर दुखतंच. मी स्वतःच बघत बसतो ते व्हिडिओ.


खेडवळ_पोस्टमन

आमच्या शाळेत बांबूचा भाला होता, पुढे लोखंडी टोक. फेकला की शेपूट आधी जमिनीला. सर म्हणायचे, तुझ्यात दोष. आता वाटतं दोष बांबूत होता. चांगला भाला केवढ्याला येतो? आणि महाग घेतला की लांब जातो का?


फक्कीवाला

दोष थोडा तुमच्यातही असणार, माफ करा. 🙂 बांबूवर शिकलेले पुष्कळ आहेत.

परदेशी नामांकित भाला लाखाच्या घरात जातो, देशी त्याच्या कितीतरी खाली मिळतो. पण लोकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की भाल्यावर अंतर लिहिलेलं असतं: ५०, ६०, ७०, ८० मीटर. ८० चा भाला ताठ असतो, तो ८० फेकणाऱ्यासाठी. आमच्याकडे एका पालकाने हौसेने पोराला तसला आणून दिला, पोराची फेक ४२. भाला दगडासारखा पडायला लागला, पोरगं रडकुंडीला आलं. मी कपाटातला जुना ५० चा दिला आणि चार मीटर वाढले. वजनाचंही तसंच: पुरुषांचा ८०० ग्रॅम, महिलांचा ६००, १८ खालच्या मुलांचा ७००, मुलींचा ५००. शाळेत एकच ८०० चा असतो आणि सगळी तोच फेकतात, मग कोपरं जातात.

उलट बाजूही आहे. अर्शद नदीमने २०२४ च्या सुरुवातीला सांगितलं होतं की सात-आठ वर्षं वापरलेला एकच आंतरराष्ट्रीय दर्जाचा भाला त्याच्याकडे आहे आणि तोही खराब झालाय. त्याला नवा मिळायला हवा, असं नीरजच जाहीरपणे बोलला होता. आणि ऑगस्टमध्ये काय झालं ते पंचांनी लिहिलंच.

एक गंभीर गोष्ट राहिली. २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यात शाळेच्या मैदानावर सरावात भाला लागून एक मुलगा गेला. माझ्या मैदानावर नियम असा की सगळे फेकून होईपर्यंत आणायला कुणी जायचं नाही, जाताना पळायचं नाही, उपटताना मागे कुणी उभं नाही ना बघायचं (शेपटीनेही डोळा जातो), आणि भाला उभा धरून परत यायचं. पोलीस भरतीवाल्यांची पळण्याची वाट मी त्यासाठी भांडून बदलून घेतली. तिथे मात्र शिट्टी खूप वाजवतो.


बंड्या_बिनधास्त

७ ऑगस्टला भालाफेक दिन असतो ना? तुमच्याकडे काय करता?


फक्कीवाला

चिखल. नीरजच्या टोकियो ऑलिंपिकच्या सुवर्णाची तारीख म्हणून महासंघाने तो दिवस ठरवला, चांगलंच केलं, पण आमचा रन-अप तेव्हा गुडघाभर गवतात आणि पाण्यात. तालुक्याच्या शालेय स्पर्धाही साधारण त्याच दिवसांत. म्हणजे पोरं ज्या दोन महिन्यांत नीट फेकू शकत नाहीत त्याच दिवसांत त्यांची परीक्षा. मी जूनपासून शाळेच्या लांब व्हरांड्यात भिंतीवर चेंडू फेकवून घेतो. मुख्याध्यापकांनी फुटलेल्या दोन काचा माझ्या पगारातून मागितल्या होत्या, तो विषय वेगळ्या धाग्याचा.


सुमेधा_कु

(सोळा दिवसांनी) धागा वर काढतेय. डॉक्टरांकडे जाऊन आलो, एमआरआय झाला. फाटलेलं नाही, सूज आहे आणि वाढीच्या जागेवर ताण. तीन महिने भाला बंद. लेक दोन दिवस जेवली नाही. सरांना मी घाबरत घाबरत रिपोर्ट दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, माझंच चुकलं. मग त्यांनी तिला डाव्या हाताने चेंडू फेकायला लावला आणि ब्लॉकची पावलं नुसती चालवून घेतायत. तुमची ही पोस्ट मी त्यांना पाठवली होती, रागावू नका.

कालपासून ती स्वतःच वही लिहितेय. पहिल्या पानावर "डावा हात, चेंडू, २०" असं आहे. आणि आज मैदानावरून आल्या आल्या मला अंगणात नेलं, भिजल्या मातीत टाच रोवली आणि विचारलं, "आई, खड्डा वाटीएवढा आहे का?"


फक्कीवाला

रागावतोय कशाला. फोटो टाका खड्ड्याचा.


सुमेधा_कु

टाकला असता, पण पुन्हा पाऊस आला.